सही वाचल्याची, मान्यतेची नाही

ताई,

युनियनच्या पदाधिकारी म्हणून सभासदांची कामं करणं तुमचं कर्तव्यच, असं म्हणून तुम्ही तोंडी मानलेले आभार झटकून टाकता. म्हणून हे उघड पत्र. सगळ्यांसमोर लिहिलं की झटकणं जरा अवघड जातं.

कर्मचाऱ्यांच्या कामाला रेटिंग देणारी नवी मूल्यमापन पद्धत आली तेव्हा निम्मे सभासद बहिष्काराची भाषा बोलत होते आणि उरलेले 'मिळेल तो आकडा घ्यावा, गप्प बसावं' म्हणत होते. तुम्ही कोणाचीच बाजू घेतली नाहीत. परिपत्रक उघडलंत आणि ओळ न ओळ मोठ्यानं वाचायला लावलंत. कंटाळवाणं होतं, खरं सांगतो. पण त्या वाचनातच ते बटण सापडलं. साहेबांचा शेरा दिसल्यावर त्याखाली एकच पर्याय होता, 'सहमत'. तो दाबल्याशिवाय फॉर्म पुढे सरकत नव्हता. म्हणजे शेरा पटो वा न पटो, नोंद मात्र सहमतीचीच! व्यवस्थापनाशी वाटाघाटी करून तुम्ही तिथे 'वाचले' असा शब्द आणलात आणि खाली कर्मचाऱ्याच्या म्हणण्यासाठी रकाना मिळवलात. ज्यानं आधीच सहमती दिली त्याचं अपील कोण ऐकणार?

बेल कर्व्हवर, म्हणजे बहुतेकांना मधलं, थोड्यांना वरचं आणि थोड्यांना तळाचं रेटिंग द्यायचंच या घंटेच्या आकाराच्या वक्रावर, तुम्ही बोललात ते तर व्यवस्थापनालाही खोडता आलं नाही. हजारो माणसांच्या उंचीला तो वक्र लागू पडतो, पण निवडून घेतलेल्या आठ जणांच्या विभागाला कसा लागू पडेल? आठही जणांनी काम चोख केलं तरी एकाला तळाला बसवायचंच, मग ते मोजमाप कसलं, ती तर वाटणी झाली. जनरल इलेक्ट्रिकमध्ये जॅक वेल्च यांनी तळाच्या दहा टक्क्यांना वेगळं काढण्याची पद्धत गाजवली आणि जगभर तिची नक्कल झाली. मायक्रोसॉफ्टनं तशी सक्तीची क्रमवारी 2013 मध्ये बंद केली, हेही तुम्हीच पुढे ठेवलंत. घोषणा देणं सोपं होतं. तुम्ही उदाहरणं दिलीत.

दर शुक्रवारी केलेलं काम चार ओळींत लिहून ठेवा, हा तुमचा हट्ट सुरुवातीला जाचायचा. वर्षअखेरीला साहेबांना आठवतात ते शेवटचे दोन महिने, त्याआधीचं सगळं पुसट होतं, असं तुम्ही म्हणायचात. शिवाय एका गुणाची छाप बाकीच्या गुणांवर पडते. थॉर्नडाइक या मानसशास्त्रज्ञानं 1920 मध्येच सैन्यातल्या अधिकाऱ्यांनी दिलेल्या गुणांवरून ते दाखवून दिलं होतं. साहेब दुष्ट असावे लागत नाहीत, माणूस असले की पुरे. तारीख, काम, कोणी सांगितलं, कशामुळे अडलं, एवढंच लिहायचं. त्या टिपणांवर दोघांचं रेटिंग फेरविचारात वाढलं. तिथे कोणाचाही आवाज चढला नव्हता.

पण मला सर्वांत जास्त आभार मानायचे आहेत ते वेगळ्याच गोष्टीसाठी. कमी रेटिंगची तक्रार घेऊन आलेल्या एका सभासदाला तुम्ही कागद पाहून तोंडावर सांगितलंत, "यात तुमची बाजू लंगडी आहे. सुधारणेसाठी प्रशिक्षण आणि मुदत मागू, रेटिंग बदलून मागणार नाही." तेव्हा कुजबुज झाली की युनियन कोणाच्या बाजूची आहे. मला मात्र वाटतं, त्यामुळेच पुढच्या प्रकरणात तुमचा शब्द वजनदार ठरला. आणि त्या सभासदाला तुम्ही सोडलं नाहीत. कामगिरीच्या कारणानं कोणाला काढण्याआधी बाजू मांडायची संधी दिली पाहिजे, हे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या 1982 च्या 158 क्रमांकाच्या करारातलं तत्त्व तुम्ही त्याच्या अर्जात पहिल्याच परिच्छेदात घातलंत.

आमचे फॉर्म भरून द्यायला मात्र तुम्ही साफ नकार दिलात. "तुमचं काम तुम्हालाच ठाऊक" एवढंच उत्तर. तेव्हा राग आला होता, आता मीच नव्या सभासदांना तेच ऐकवतो.

बेल कर्व्ह अजून गेलेला नाही. लहान विभागांना त्यातून वगळण्याचं आश्वासन तोंडीच आहे. ते लेखी घेईपर्यंत आम्ही पुन्हा तुमच्या दारात येणार. शुक्रवारच्या टिपणांसह.

आपला,
एक सभासद