सोमवारी मशीन लावू नकोस

रविवार, रात्री उशिरा

प्रिय दिल्या,

तुझा मेसेज दुपारीच वाचला. 'गॅसवाल्यांचा नकाशा मिळाला. पाइप सव्वा मीटर खाली आहे, आपल्याला नव्वद सेंटिमीटरच खणायचंय. सोमवारी खोदायचं मशीन लावतो.' फोन करणार होतो, पण फोनवर तू मधेच 'हो रे, माहितीये' म्हणतोस आणि विषय तिथेच बुडतो. पत्रात तुला मधे बोलता येत नाही, म्हणून लिहायला बसलो.

आधी मुद्द्याचं सांगतो. सोमवारी मशीन लावू नकोस.

तो सव्वा मीटर कुठून मोजलाय, हे विचारलंस का? पाइप टाकला त्या दिवशी जमीन जिथे होती, तिथून. त्यानंतर कोणी रस्ता खाली घेतला असेल, कोणी पाण्याला उतार द्यायला माती उचलली असेल. पाइप जागचा हलला नाही, पण वरची जमीन गेली. एक मीटर म्हणून दाखवलेला पाइप मी चाळीस सेंटिमीटरवर पाहिलाय. आडव्या अंतराचीही तीच कथा. नकाशावर लिहिलेलं असतं 'कुंपणाच्या भिंतीपासून दीड मीटर'. कुठली भिंत? जुनी पाडून नवी दोन फूट पुढे बांधलेली असते आणि नकाशाला त्याची गंधवार्ता नसते. त्यात कागदावरची रेघ सरळ असते म्हणून आपल्याला पाइपही सरळ वाटतो. टाकताना मोठा दगड लागला, जुनी मोरी आडवी आली, की लोकांनी त्याला वळसा घातलेला असतो. घरांकडे जाणाऱ्या बारक्या जोडण्या तर पुष्कळ नकाशांवर नसतातच.

म्हणून गॅस कंपनीला नुसता नकाशा मागू नकोस, प्रत्यक्ष जागेवर खुणा करून मागव. लेखी माग. त्यांचा माणूस लोकेटर, म्हणजे जमिनीखालचा पाइप शोधायचं यंत्र, घेऊन येईल, रंगाने रेघा मारेल. तो आला की तू स्वतः सोबत उभा राहा, मुकादमाला पाठवून मोकळा होऊ नकोस. त्याला एकच विचार, पाइप लोखंडी की प्लॅस्टिकचा? लोखंडी पाइप यंत्राला सापडतो. प्लॅस्टिकचा पाइप यंत्राच्या दृष्टीने मुका. त्याच्यासोबत तांब्याची बारीक तार टाकलेली असते, यंत्र त्या तारेचा माग काढतं. ती तार मागच्या एखाद्या खोदकामात तुटली असेल, तर तिथून पुढे काहीच ऐकू येत नाही. शेजारून विजेची केबल जात असेल तर सिग्नल तिच्यावर उडी मारतो आणि रेघ चुकीच्या जागी उमटते. त्या रंगीत रेघेचा अर्थ मी एवढाच धरतो की शोधायला इथून सुरुवात करायची.

आणि शोधायचं हाताने. तुझा चर जिथे जिथे पाइपला ओलांडणार आहे किंवा त्याच्या जवळून जाणार आहे, तिथे रेघेला आडवा, अरुंद ट्रायल पिट, म्हणजे पाइप कुठे आहे ते बघायचा खड्डा, घे. पहार आणि टिकाव फक्त वरचा कठीण थर फोडायला, त्याच्याखाली फावडं, आणि तेही तिरकं, माती कडेने कापत. सरळ खाली पाय देऊन मारायचं नाही. माती खेचणारं व्हॅक्यूमचं यंत्र मिळालं तर फारच उत्तम, त्याने पाइपला ओरखडाही जात नाही.

खणताना मातीकडे बघत राहा. हे मला कोणी शिकवलं नाही, पाहून पाहून कळलं. वर्षानुवर्षं न हललेली माती एकसंध असते, थर नीट दिसतात. कोणी पूर्वी खणून बुजवलेली माती मात्र मिसळलेली असते, खालचा खडा वर आणि वरचा काळपटपणा खाली. तशी माती दिसली की समजायचं, आपल्याआधी इथे कोणीतरी येऊन गेलंय. मग पाइपच्या साधारण फूटभर वर धोक्याची प्लॅस्टिकची पट्टी लागते. तिच्याखाली बहुतेक वेळा वाळू येते, कारण पाइपला दगड टोचू नये म्हणून भोवती वाळू भरतात. मऊ, एकसारखी वाळू फावड्यावर आली की फावडं ठेवून द्यायचं आणि हाताने काढायचं. पट्टी लागली नाही म्हणून पाइप नाही असं मात्र समजू नकोस, मागच्या खोदकामवाल्याने ती फाडून फेकलेली असू शकते. पाइप उघडा झाला की त्याची खोली मोज, फोटो काढ, आणि तो आकडा खरा धर. दोन पिटांमध्ये खोली वेगळी आली तर मधे तिसरा घे.

पाइपच्या दोन्ही बाजूंना किती अंतर मशीनला बंदी ठेवायची, ते कंपनी सांगेल. देशागणिक आकडा बदलतो. अमेरिकेच्या बहुतेक राज्यांत ते पाइपच्या कडेपासून १८ ते २४ इंच आहे. जास्त दाबाच्या मोठ्या वाहिनीजवळ एवढ्यावर भागत नाही, तिथे कंपनीचा माणूस काम संपेपर्यंत उभा हवा. या पट्ट्याबाहेर मशीन चालेल, पण बकेटचे दात काढून सपाट पातं लाव. ऑपरेटरला बकेटच्या खालचं काही दिसत नाही, त्यामुळे बाजूला एक माणूस उभा कर आणि थांब म्हणायचा अधिकार त्या एकट्यालाच दे. चौघं चार बाजूंनी हात हलवायला लागले की ऑपरेटर शेवटी कोणाचंच ऐकत नाही.

आता एक गोष्ट, जी तुला कधी सांगितली नव्हती.

नोकरीच्या तिसऱ्या वर्षी आम्ही केबलसाठी चर घेत होतो. लोखंडी गॅस पाइप शेजारून जात होता, नकाशाप्रमाणे पुष्कळ लांब. संध्याकाळ झाली होती. बकेटचा एक दात करकरला आणि ऑपरेटरने स्वतःच मशीन थांबवलं. खाली उतरून बघतो तर पाइपवरचं काळं कोटिंग तळहाताएवढं सोललेलं, मधे लोखंड चकाकत होतं, आणि त्यात एक खाच, नख अडकेल एवढी. वास नाही, आवाज नाही. साबणाचं पाणी ओतून पाहिलं, एकही बुडबुडा नाही. मुकादम म्हणाला, 'साहेब, गळत तर नाहीये. माती लोटू आणि पुढे जाऊ.' मी मान हलवली. मान हलवली एवढंच, तोंडाने हो म्हटलं नाही, असं मी नंतर बराच काळ स्वतःला सांगत होतो.

दोन रात्री झोप लागली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी कंपनीला फोन केला. त्यांचे दोघं आले, पुन्हा उकरलं. त्यातल्या वयस्कर माणसाने हातमोजा काढला, खाचेवरून अंगठा फिरवला आणि एकच विचारलं, 'किती दिवस झाले?' मी सांगितलं. तो काही बोलला नाही. त्या भागातला दाब कमी केला, खाचेची खोली मोजली, मग पाइपभोवती पोलादी बाही चढवली. मला त्या कामावरून काढलं. ते बरोबरच होतं.

त्याने तेव्हा समजावलेलं अजून लक्षात आहे. कोटिंग गेलं की ओल्या मातीत तेवढीच जागा गंजायला लागते. त्याहून वाईट ती खाच. दात घासून गेला की तिथलं पोलाद कडक आणि ठिसूळ होतं, सगळा ताण त्या रेषेवर येतो. आतला दाब रोज थोडा वरखाली होतो, तसतशी बारीक चीर आत सरकते. आज गळत नाही, याचा उद्याशी काही संबंध नाही.

बेल्जियममध्ये गिलांगियाँच्या औद्योगिक वसाहतीत नेमकं हेच झालं. ३० जुलै २००४. एका कारखान्याच्या बांधकामात मशीनने मोठ्या गॅसवाहिनीवर ओरखडे पाडले होते. वाहिनी मीटरभर व्यासाची, आतला दाब सत्तर-ऐंशी बारचा. गाडीच्या चाकात दोन-सव्वादोन बार असतो, त्यावरून अंदाज कर. आठवड्यांनंतर दाब वाढवला गेला आणि वाहिनी त्याच जागी फाटली. गळतीची खबर मिळून अग्निशमनवाले आधीच तिथे पोहोचले होते. २४ माणसं गेली, त्यात तेही होते. ज्या दिवशी बकेट घासली त्या दिवशी तिथे काहीच झालं नव्हतं. हे वाचलं तेव्हा मला आमच्या खड्ड्यातली ती चकाकणारी पट्टी आठवली.

तेव्हा तुझ्या साइटवर साधं कोटिंग खरचटलं, तार तुटली, प्लॅस्टिकच्या पाइपवर नुसती रेघ उमटली, तरी बुजवायचं नाही. कंपनीला कळवायचं, ते बघून जाईपर्यंत खड्डा उघडा ठेवायचा. आणि मजुरांना आधीच सांग की सांगणाऱ्यावर कोणी ओरडणार नाही. तू ओरडतोस, मला माहीत आहे. एकदा ओरडलास की पुढचा ओरखडा तुला कधीच कळणार नाही.

प्लॅस्टिकच्या पाइपची आणखी एक खोड. बकेट त्यात अडकून पाइप ओढला गेला, तर तो समोर तुटतोच, पण कधी कधी दुसऱ्या टोकालाही, म्हणजे घराच्या भिंतीलगतच्या सांध्याला सुटतो. सगळे समोरच्या खड्ड्याकडे बघत असतात आणि गॅस तिकडे तळघरात भरत असतो. पाइप ओढला गेला असं वाटलं तर कंपनीला ते आवर्जून सांग आणि जवळच्या घरांतली माणसं बाहेर काढ.

पाइप फुटलाच तर मशीन सोडून सगळे वाऱ्याच्या विरुद्ध दिशेला, लांब. फोन लांब गेल्यावर, आधी अग्निशमन दलाला, मग गॅस कंपनीला. वाटेतलं एकही बटण दाबायचं नाही, गाडी सुरू करायची नाही. माती टाकून भोक बुजवायचं नाही, नाहीतर गॅस जमिनीखालून वाट काढत दुसरीकडे निघतो. सापडलेला व्हॉल्व स्वतः फिरवायचा नाही. आग लागलीच असेल तर ती विझवायलाही जायचं नाही. जळणारा गॅस निदान दिसतो. विझवलेला साचतो, आणि हवेत त्याचं प्रमाण पाच ते पंधरा टक्क्यांच्या मधे आलं की एक ठिणगी पुरते.

अमेरिकेत मिनेसोटातल्या सेंट क्लाउडला डिसेंबर १९९८ मध्ये खांबाचा अँकर रोवताना फक्त एक इंची प्लॅस्टिकचा पाइप फुटला. स्फोट साधारण ३९ मिनिटांनी झाला. चार जण गेले. एवढा वेळ हातात होता. म्हणून म्हणतो, 'बारकाच पाइप आहे, बघू' असं म्हणत खड्ड्याभोवती घोळका करायचा नाही.

आणि वासावर विसंबू नकोस. नैसर्गिक वायूला मुळात वास नसतो. १९३७ साली टेक्सासमधल्या न्यू लंडनच्या शाळेत वास नसलेला गॅस साचून स्फोट झाला, जवळपास तीनशे जण गेले, बहुतेक मुलं. गॅसमध्ये तो कुजकट वास मिसळण्याची सक्ती त्यानंतर आली. पण गॅस मातीतून लांबवर झिरपत गेला तर माती तो वास शोषून घेते. शिवाय थोडा वेळ तिथेच थांबलं की आपलं नाकही मरतं. खड्ड्यात उतरण्याआधी गॅस मोजणारं यंत्र लाव.

उघडा पडलेला पाइप लोंबकळत ठेवू नकोस, खालून आधार दे. बुजवताना आधी वाळू, मग पट्टी परत जागेवर, मग चाळलेली माती. पाइपच्या अगदी वर माती ठोकायची धुम्मस चालवायची नाही. तुझा मुकादम जुना आहे, हे त्याला तुझ्याआधी कळेल.

चार दिवस जातील, कबूल. मालक कटकट करेल. त्याला माझा नंबर दे, मी बोलतो.

खुणा मंगळवारपर्यंत करून घे. बुधवारी सकाळी सातला मी येतो, पहिले दोन पिट आपण दोघं मिळून घेऊ. ऑपरेटरला दात काढून ठेवायला सांग. आणि मागच्या वेळी माझे साइटचे बूट तुझ्याकडेच राहिले होते, ते वहिनींनी अजून टाकले नसतील तर शोधून ठेव.

तुझा,
बाळ्या