तुझं वकीलपत्र मी घेणार नाही

सातारा, रविवार रात्र

प्रिय सुन्या,

परवा फोनवर मी नुसतं हं हं करत राहिलो. तेव्हा बोलता आलं नाही ते आता लिहितोय.

समन्सचा फोटो पाहिला. वहिनीचा कौटुंबिक हिंसाचार कायदा, 2005, कलम 12 चा अर्ज आहे. उद्या पोलीस येऊन तुला उचलतील वगैरे डोक्यातून काढ. चालतं मॅजिस्ट्रेटपुढे, पण मागणी दिवाणी वळणाची: संरक्षण, राहायला जागा, पोटगी, भरपाई. मात्र संरक्षणाचा हुकूम झाल्यावर तू तो मोडलास की गुन्हा. 1 वर्षापर्यंत कैद, 20,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, वर अजामीनपात्र. तिथे तिची एकटीची साक्षही पुरू शकते. तेव्हा तिच्या माहेरच्या गल्लीतून 'सहज' गाडी न्यायची नाही, मेहुण्याला रात्री फोन करायचा नाही. बायकोच्या छळाचं चारशे अठ्ठ्याण्णव कलम अजून लागलेलं नाही. आता ते न्याय संहितेत कलम 85 झालंय, शिक्षा 3 वर्षांपर्यंत. लागलंच तरी 2014 च्या अर्नेश कुमार निकालापासून सरसकट अटक करता येत नाही, बहुतेक वेळा आधी नोटीस येते. आली तर मुकाट्याने हजर राहा.

'घर आईच्या नावावर, तिचा काय संबंध?' हे वाक्य कोर्टात काढू नकोस. सासू-सासऱ्यांच्या नावावरचं घरही 'सामायिक घर' ठरू शकतं, हे सुप्रीम कोर्टाने 2020 मध्ये सांगून झालंय. काकूंना मात्र धीर दे. बाईमाणसाला घराबाहेर काढायचा हुकूम या कायद्यात होत नाही. तुला काढायचा होऊ शकतो. आणि नोकरी सोडायची अक्कल कुणी शिकवली तुला? पोटगीसाठी उत्पन्नाचं आणि मालमत्तेचं शपथपत्र दोघांनाही द्यावं लागतं. पगाराच्या स्लिपा, रिटर्न, बँकेचे उतारे, सगळं टेबलावर येतं, आणि मुद्दाम सोडलेली नोकरी लपत नाही.

ताईचं नाव ओढलंय, ते मलाही पटलं नाही. ती नागपूरला, गणपतीत चार दिवस येणारी. मोघम आरोपांवर सगळ्या नातेवाइकांना गोवू नये, असं सुप्रीम कोर्टाने अनेकदा म्हटलंय. तिचं नाव वगळायचा अर्ज लगेच टाका. तुमच्या बाजूने सांगण्यासारखं मला तरी एवढंच दिसतं.

आता माझं. मे महिन्यात आमच्याकडे बारशाला आला होतात. वहिनी पानं वाढत होती, पदर डाव्या मनगटावर ओढून. हिने आत विचारलं तर म्हणाली, दार लागलं. हिने मला सांगितलं. जखमांचे दाखले वाचून पोट भरणारा माणूस मी, पण 'असेल' म्हणालो आणि आणखी एक वाटी श्रीखंड घेतलं. उद्या हिलाच साक्षीला बोलावलं, तर मी तुझ्या बाजूच्या टेबलाशी उभा राहून बायकोचा उलटतपास घेऊ? नाही जमणार. आणि ती अडचण नसती तरी नाही म्हणालो असतो.

ज्यांचा नंबर पाठवलाय ते वकील चांगले आहेत. टायपिस्टकडे से चा, म्हणजे लेखी उत्तराचा, मजकूर तयारच असतो: 'अर्जातील मजकूर खोटा व लबाडीचा असून सामनेवाला यांस मान्य व कबूल नाही.' त्याखाली सही करण्याआधी वकिलांना सगळं सांग. मला आधी 'एकदाच रे' म्हणालास, पाच मिनिटांनी 'दोनदा' झालं. मेसेज पुसू नकोस, तिच्याही फोनमध्ये ते आहेत. अंतरिम पोटगी ठरली तर महिन्याच्या महिन्याला बँकेतून भर, हातात नको. हुकूम चुकीचा वाटला तर 30 दिवसांत सेशन्सला अपील आहे.

आणि कपाटातली निळी फाईल. तिची मार्कशीटं, सर्टिफिकेटं तुझ्याकडेच आहेत ना? दागिन्यांचा डबाही असेल. कुणी मागायची वाट बघू नकोस. पहिल्या तारखेला वकिलांच्या हातून दे आणि पोच घे.

तुझा,
अव्या