युद्धकाळातील लेस

महोदय,

पहिल्या महायुद्धावरील लेखांत खंदक असतात, विणणाऱ्या बायका क्वचितच. १९१४ मध्ये जर्मनीने बेल्जियम व्यापल्यावर ब्रिटनच्या सागरी नाकेबंदीमुळे तिथल्या लेसकामाचा दोरा अडला. तेव्हा पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेल्या हर्बर्ट हूवर यांच्या मदत आयोगाने वाटाघाटी करून दोरा आत नेण्याची आणि तयार लेस परदेशी विकण्याची सोय केली, त्यामुळे हजारो घरांतली चूल पेटती राहिली. त्या लेसमध्ये दोस्त राष्ट्रांची मानचिन्हे गुंफलेली दिसतात. उशीवर टाचण्या रोवून, दोरा गुंडाळलेल्या लाकडी रिळांच्या जोड्या एकमेकींवरून फिरवत हे काम चाले. माझ्या आजीचे क्रोशाकाम (तिचा रुमाल अजून आमच्या रेडिओवर आहे) त्यापुढे सोपेच म्हणायचे. पुण्यातील एखाद्या संग्रहालयाने आपल्या भरतकामाशेजारी या लेसची मोठी छायाचित्रे मांडावीत, ही विनंती.

– एक वाचक, सदाशिव पेठ, पुणे