कुंभार्ली घाटात थांबलेल्या टेम्पोवाल्या दादांना

दादा, नमस्कार.

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं. मे महिन्यातली ती दुपार, पोफळी सोडून आम्ही घाट चढत होतो. डिझेलची जुनी सात सीटर, आत सातजण, वर कॅरिअरला आंब्याच्या पेट्या आणि एसी फुल्ल. मागून तुम्ही हॉर्नवर हॉर्न देत होतात आणि मी मनातल्या मनात तुम्हाला शिव्या घालत होतो. साइड हवी असेल, असं वाटलं.

खरं तर दोन वळणं आधीच इंजिनाच्या तापमानाचा काटा लालकडे गेला होता. मी एसी बंद केला, काचा उघडल्या आणि हीटर पूर्ण लावला. हीटरमुळे इंजिनाची उष्णता बाहेर पडते, एवढं ऐकून माहीत होतं. हीटरमधून साधाच वारा आला, आणि थोड्या वेळानं काटाही खाली उतरला. "बघा, जमलं!" असं मी बायकोला म्हटलंसुद्धा.

तुम्ही टेम्पो पुढे घालून अडवलंत तेव्हा पहिलं वाक्य होतं, "बंद करा आधी गाडी!" खाली पाण्याची धार लागलेली तुम्हाला मागून दिसत होती. हीटर गार वारा देतोय म्हणजे आत फिरायला पाणीच उरलेलं नाही, आणि काट्याचा सेन्सर कोरडा पडला की काटाही खोटं बोलतो, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा माझे हातपाय गळाले. आणखी दोन वळणं तशीच चढलो असतो तर हेडचं, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाचं, काम निघालं असतं.

बॉनेट उघडल्यावर मी रेडिएटरच्या झाकणाला हात घालणार, तेवढ्यात तुम्ही मनगट धरलंत. झाकणाखाली दाब असतो, त्यामुळे आतलं पाणी शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण सैल झालं की एकदम उसळतं. नंतर घरी वाचलं. तिथं तुम्ही एवढंच म्हणालात, "तोंड भाजंल."

चाळीस मिनिटं आपण करवंदीच्या जाळीपाशी बसलो. बायकोनं आइसबॉक्समधली गार पाण्याची बाटली पुढे केली, ती तुम्ही परत दिलीत. तापलेल्या लोखंडावर गार पाणी पडलं तर हेडला चीर जाते म्हणून. तुमच्या कॅनमधलं उन्हानं कोमट झालेलं पाणी आणलंत. वरच्या पाइपची क्लिप सैल होती, ती पिळलीत. मग ओलं फडकं टाकून झाकण आधी अर्धवट फिरवलंत, फुस्स झालं, तेव्हा काढलंत. इंजिन चालू ठेवून थोडं थोडं पाणी, मध्येच पाइप दाबून हवेचे बुडबुडे काढणं, आणि दर मिनिटाला मला विचारणं, "हीटर गरम आला का?" आला तेव्हा तुम्ही हसलात. मेच्या उन्हात गरम वाऱ्याचा इतका आनंद मला कधी झाला नव्हता.

चूक माझीच होती. रेडिएटरच्या टाकीतलं पाणी चार महिने कमी होत होतं आणि मी गळती न शोधता बोअरचं पाणी ओतत होतो. कराडच्या मेकॅनिकनं रेडिएटर उघडून आतला पांढरा क्षार दाखवला, तेव्हा लाज वाटली. डिपस्टिकवरचं (तेल मोजायच्या पट्टीवरचं) इंजिन ऑइल पाणी मिसळून दुधाळ झालेलं नव्हतं, म्हणजे हेडखालचं गॅस्केट बहुधा वाचलं होतं. आता क्लिपा नव्या आहेत, आणि कूलंट व डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं. दर रविवारी गाडी थंड असताना टाकीवरची खूण बघतो.

तुम्ही पैसे घेतले नाहीत. आईनं हापूसची पेटी पुढे केली, तर तुम्ही टेम्पोची ताडपत्री उचलून दाखवलीत. आत सगळा हापूसच! आई अजून ते सांगून हसते.

हेळवाकला थांबून गाडी पुन्हा निववा म्हणालात, तसं केलं. तिथंच पाहिलं, तुमचा लाल मुठीचा स्क्रूड्रायव्हर माझ्या डॅशबोर्डवर राहिलाय. पुढच्या मेमध्ये परत त्याच वाटेनं येतोय, तो सोबत असेल. मागून हॉर्न द्या, या वेळी लगेच थांबतो.

तुमचा,
सात सीटरवाला