मुकादमाचा अंगठा ही मुलांची संमती नव्हे

महोदय,

दिवाळीनंतर शिरोळ तालुक्यात ऊसतोडीच्या टोळ्या उतरल्या की त्यांच्यामागून बी.एड., एम.एड.चे विद्यार्थी प्रश्नावल्या घेऊन येतात. येऊ देत. या मुलांच्या शाळेचं काय होतं, हे कुणीतरी लिहायलाच हवं. पण गेल्या हंगामात पाहिलं ते अजून डोक्यातून जात नाही.

खोप्यांपुढे दोघे संशोधक बसले होते. संमतीपत्रावर अंगठा उठवला मुकादमानं, म्हणजे टोळी आणणाऱ्या ठेकेदारानं, अख्ख्या टोळीच्या वतीनं, आईबाप फडात. समोर बारा-तेरा वर्षांची मुलगी, कडेवर धाकटा भाऊ. ‘वडील दारू पितात का? हो की नाही?’ तिनं आधी मुकादमाकडं बघितलं, मग ‘नाही’ म्हणाली. कागदावर खूण झाली. उठताना तिनं विचारलं, ‘हे लिहून दिलं की दप्तर मिळतंय का?’ दोघंही गप्प.

ज्याच्याकडून आईबापानं मजुरीची आगाऊ उचल घेतलीय, त्याच्यासमोर पोर दुसरं काय बोलणार? शाळांतही हीच तऱ्हा. हेडमास्तरांनी मान डोलावली की सगळा वर्ग तयार!

आरोग्य-संशोधनासाठी आयसीएमआरची (भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. पालकांची संमती तर हवीच, शिवाय सात ते बारा वर्षांच्या मुलाचा तोंडी आणि पुढं अठरापर्यंत लेखी होकार घ्यायला त्यात सांगितलं आहे. शिक्षणाच्या अभ्यासाला तेवढं पथ्य पाळायला काय हरकत आहे?

आणखी एक. ‘तू सांगशील ते कुणाला कळणार नाही’ असं मुलांना सर्रास सांगितलं जातं. पण मुलावरच्या लैंगिक अत्याचाराची गोष्ट कानावर आली तर पोक्सो या बालसंरक्षण कायद्याच्या कलम १९ प्रमाणं ती पोलिसांना कळवावीच लागते. म्हणजे ते वचन मुळातच खोटं. प्रश्न विचारण्याआधी मुलाला हे सांगायला हवं, नाहीतर पोर विश्वासानं बोलून बसतं आणि दुसऱ्या दिवशी पोलीस दारात.

मार्गदर्शक प्राध्यापकांनी प्रबंधावर सही करण्यापूर्वी एवढं तरी विचारावं: मुलाशी बोलताना जवळ कोण उभं होतं? ‘नको’ म्हणणारं एक तरी मूल भेटलं का? शंभरातलं एकही भेटलं नसेल, तर मला त्या संमतीचीच शंका येते.

निष्कर्ष लिहून होतात मे महिन्यात. टोळ्या तोवर गावाकडं परतलेल्या असतात. म्हणून जे सापडलं ते पट्टा पडण्यापूर्वी, म्हणजे हंगाम संपण्याआधी, एकदा खोपीवर जाऊन त्या मुलांना सांगावं. आणि दप्तर मिळणार नसेल, तर तेही पहिल्याच दिवशी सांगावं.

– एक निवृत्त शिक्षिका, शिरोळ, जि. कोल्हापूर