पावसाळ्यात या, बादली घेऊन

महोदय,

आमच्या फ्लॅट स्कीमच्या माहितीपुस्तिकेवर एक हिरवं पान छापलं होतं. आत तीन वचनं: फ्लाय ॲशच्या विटा, सोलर वॉटर हीटर आणि पावसाच्या पाण्याचं पुनर्भरण, म्हणजे गच्चीवरचं पाणी जमिनीत मुरवणं. पहिली दोन पाळली गेली. कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांची राख दाराशी असताना त्या विटा वापरण्यात फार मोठा त्याग नाही, आणि मे महिन्यात नागपूरच्या नळाला गरम पाणी फुकटच येतं. हे पत्र तिसऱ्या वचनाबद्दल आहे.

धरमपेठेतलं आमचं जुनं घर आम्ही 2017 मध्ये स्कीमला दिलं. मागच्या अंगणात विहीर होती. भर उन्हाळ्यातही तिला दोन पुरुष पाणी असायचं, तीन घरांचे कूलर तिच्यावर चालत. घर पाडलं आणि त्याचाच मलबा तिच्यात गेला. विचारलं तर बिल्डर म्हणाला, "काकू, पार्किंग तिथंच येते ना!" कागदावर सही आमचीही होती, म्हणून सगळा दोष बिल्डरच्या माथी मारत नाही.

23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला, तेव्हा त्याच पार्किंगमध्ये गुडघाभर पाणी होतं. पुढच्याच मे महिन्यात बोअर हवा ओकू लागली. मग मी प्लंबरला पुनर्भरणाच्या खड्ड्याचं झाकण उघडायला लावलं. आत कूलरची जुनी ताटी, फुटके पेव्हर ब्लॉक आणि भिंतीतून हातभर बाहेर आलेला पांढरा पाइप. त्याचं दुसरं टोक मातीतच संपत होतं! गच्चीचे चारही पाइप थेट गटारात. फोटोपुरता खड्डा.

मी आयुष्यभर गणित शिकवलं. आमची गच्ची 3,000 चौरस फूट, म्हणजे साधारण 279 चौरस मीटर. नागपूरचा पाऊस हात आखडून एक मीटर धरला आणि पाचवा हिस्सा वाया गेला म्हटलं, तरी वर्षाला सव्वादोन लाख लिटरच्या आसपास पाणी होतं. पाच हजार लिटरचे 44 टँकर. त्या उन्हाळ्यात आम्ही 26 विकत घेतले. मुरलेलं सगळं आमच्याच बोअरला लागेल असं नाही, शेजाऱ्यांनाही लागेल. लागू द्या.

नंतर वर्गणी काढून खड्डा नीट केला. इथली काळी माती पाणी मुरू देत नाही, म्हणून मुरूम लागेपर्यंत खोल जावं लागलं. वर गिट्टी आणि वाळूचे थर दिले, पहिल्या पावसाचं घाण पाणी बाहेर सोडायला एक व्हॉल्व्ह बसवला. विहीर मात्र गेली ती गेलीच.

राज्याच्या 2020 च्या एकत्रित विकास नियमावलीत 500 चौरस मीटर व त्याहून मोठ्या प्लॉटवर पुनर्भरण सक्तीचं आहे. नियम आहेच. माझं म्हणणं तपासणीबद्दल आहे. भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारतीत राहायची परवानगी देताना नकाशा आणि फोटो पाहून काय कळणार? महापालिकेच्या अधिकाऱ्यांनो, इमारतीत लोक राहायला गेल्यावर जुलैत एकदा या, गच्चीवर बादलीभर पाणी ओता आणि ते खड्ड्यात उतरतं का, खाली उभं राहून बघा. दहा मिनिटांचं काम आहे. आणि जुन्या घराच्या जागी नकाशा मंजूर करताना प्लॉटवर विहीर आहे का, एवढं तरी विचारा.

सुरुवात आमच्यापासून केली तरी चालेल. झाकण आता हलकं केलं आहे, एका माणसाला उचलता येतं.

– एक निवृत्त गणित शिक्षिका, धरमपेठ, नागपूर