इथला समुद्र हर्णैसारखा नाही

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बाबा म्हणाले, "समुद्र बघायला सुट्टी काढून तंबू ठोकायचा? आमच्या तर दारात आहे." मागे पोरांचा दंगा चालला होता, म्हणून मी हसून सोडून दिलं. पण उत्तर द्यायचं राहिलं, ते आता सविस्तर देते.

आम्ही गेलो होतो ते ऑलिंपिक नॅशनल पार्कच्या किनाऱ्यावर, अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्याच्या पार पश्चिमेला. सिअ‍ॅटलकडून गाडीने साडेतीन-चार तास. मुक्काम क्लेलॉकला. तिथे तंबूंच्या जागा समुद्रालगतच्या कड्यावर, झाडांच्या आडोशाला आहेत. खाली लांबच लांब वाळू, आणि वाळूच्या कडेला नद्यांनी वाहून आणलेले, उन्हापाण्याने पांढरे पडलेले ओंडके. काही ओंडके आपल्या पडवीहून लांब. भरतीच्या वेळी त्यांच्यावर चढायचं नाही, अशा पाट्या आहेत. लाटेने ओंडका उचलला गेला की माणूस खाली सापडतो.

भर ऑगस्टात अंगात स्वेटर आणि कानाला टोपी! घरी आम्ही पंखा लावून झोपत होतो आणि इथे सकाळी दहापर्यंत धुकं. समुद्राचं पाणी 12-13 अंशांच्या आसपास, त्यामुळे पोहणं विसरायचं. उन्हाळ्यात उत्तरेकडून येणारा वारा किनाऱ्याजवळचं वरचं पाणी बाहेर ढकलतो आणि त्याच्या जागी खोलातलं गार पाणी वर येतं. त्यावरून दमट हवा आली की धुकं. खालून आलेल्या पाण्याबरोबर खतही वर येतं म्हणायचं, म्हणून इथे जीवसृष्टी इतकी दाट.

बाबा, आता तुमचा विषय. ईराला तुम्ही मागच्या मे महिन्यात भरतीचं गणित शिकवलं होतंत ना, तिथीची पाऊणपट? ते तिने इथे लावून पाहिलं. अमावास्या होती, म्हणजे पंधराच्या पाऊणपटीने पूर्ण भरती सव्वाअकराला यायला हवी. छापील तक्त्यात ती दोनेक तास उशिरा होती. त्यातला एक तास उन्हाळ्यात घड्याळं पुढे करतात त्याचा, हे समीरने सांगितल्यावर बाईसाहेब म्हणाल्या, "मग आजोबा एकाच तासाने चुकले." दुसरा फरक असा की इथल्या दिवसभरातल्या दोन ओहोट्या सारख्या नसतात. एक चांगली खोल जाते, दुसरी जेमतेम. आणि उन्हाळ्यात खोल ओहोटी नेमकी सकाळी येते. म्हणून पोरांना साडेसहाला अंथरुणातून ओढून काढलं आणि रूबी बीचला नेलं.

समुद्रातून सरळ वर उठलेले काळे सुळके, त्यांच्या पायथ्याशी उघडे पडलेले खडक, आणि खडकांवर जांभळे-केशरी तारामासे चिकटलेले. डबक्यांत हिरवी समुद्रफुलं, म्हणजे फुलासारखे दिसणारे जिवंत प्राणी. निषादने ओल्या बोटाने एकाला हळूच स्पर्श केला, तर ते मिटलं. मग पुढचा तासभर तो तिथून हलेना.

हे तारामासे नुसते शोभेचे नाहीत. याच द्वीपकल्पाच्या उत्तर टोकाजवळ रॉबर्ट पेन नावाच्या प्राध्यापकाने 1963 पासून एका खडकावरचे तारामासे उपटून पाण्यात फेकायला सुरुवात केली, काय होतं ते पाहायला. तारामासे शिंपल्या खातात. खाणारे गेल्यावर काळ्या शिंपल्यांनी हळूहळू जागा बळकावली आणि तिथल्या 15 जातींच्या 8 उरल्या. एक वाघ गेला की सगळं जंगल बिघडतं असं आज आपण जे बोलतो, ते या माणसाने तारामाशावरून दाखवलं. 2013 मध्ये इथे तारामाशांवर रोग आला आणि ते अक्षरशः गळून पडायला लागले. जांभळे-केशरी आता पुन्हा दिसतात. वीस-वीस हातांचा मोठा सूर्यफुली तारामासा मात्र या भागातून जवळजवळ गेलाच.

आई, तुला आवडेल ते वेगळंच. किनाऱ्यापासून तासाभरावर होह नदीचं जंगल आहे. तिथे वर्षाला साडेतीन मीटरच्या आसपास पाऊस पडतो, म्हणजे जवळपास आपल्या दापोलीइतका. पण आपल्याकडे तो चार महिन्यांत कोसळून मोकळा होतो आणि इथे ऑक्टोबरपासून वसंतापर्यंत रिपरिप चालते. उन्हाळाच काय तो कोरडा. झाडं 60 मीटरहून उंच, आणि फांद्याफांद्यांवरून लोंबणारं शेवाळ. जुनं झाड आडवं पडलं की त्याच्याच अंगावर नवी रोपं रुजतात. शंभर-दोनशे वर्षांनी खालचा ओंडका कुजून जातो आणि वरची झाडं एका रांगेत, मुळांच्या पायांवर उभी राहतात. तुला पाहायला मिळालं असतं तर तू तिथे बसकणच मारली असतीस.

नदीकाठी एल्कांचा कळप चरत होता, सांबराच्याच भावकीतले, पण आडवेतिडवे दांडगे. 1909 मध्ये या भागाला राष्ट्रीय स्मारकाचं संरक्षण मिळालं ते मुख्यतः यांच्यासाठी. नॅशनल पार्क 1938 चं.

जेवणाची काळजी करू नकोस. सकाळी पोहे, रात्री मेतकूट-भात, आणि एकदा तुझ्या भाजणीची थालीपीठं, छोट्या गॅसच्या शेगडीवर. शेजारच्या तंबूतले आजोबा वासाने आले आणि दोन खाऊन गेले. मात्र रात्री खाण्याची एकही वस्तू बाहेर ठेवायची नाही. साबण-टूथपेस्टसुद्धा गाडीत बंद. अस्वलं आहेत, आणि अस्वलांपेक्षा रॅकून चोर.

एक गोष्ट मीच सांगते, नाहीतर तू इंटरनेटवर वाचून झोप घालवशील. किनाऱ्यावर त्सुनामीच्या पाट्या आहेत. 26 जानेवारी 1700 च्या रात्री इथे प्रचंड भूकंप झाला होता. ती तारीख कळली जपानच्या दप्तरांतून, कारण भूकंप न होताच तिथे लाटा पोचल्याची नोंद होती. पुढचा कधी, कुणालाच सांगता येत नाही. याच किनाऱ्यावरच्या ला पुश गावातल्या क्विल्यूट या मूळ रहिवाशांना 2012 च्या कायद्याने पार्कची 785 एकर जमीन मिळाली आणि त्यांची शाळा 2022 मध्ये उंचावर गेली. पोरांना आधी वर नेलं, हे मला फार पटलं. आम्ही गेल्यागेल्या वर जायची वाट पाहून ठेवली. तुम्ही हर्णैला वादळाचा बावटा बघता, तसंच ते.

तर बाबा, तंबूत झोपायला कोण सांगतंय? क्लेलॉकलाच कड्यावर लाकडी केबिन आहेत, पलंग आणि गरम पाण्यासकट. खिडकीसमोर समुद्र. खाली वाळूवर नाही उतरलात तरी भरती-ओहोटी खुर्चीतून दिसते. होहच्या जंगलातली शेवाळाची फेरी जेमतेम सव्वा किलोमीटरची आहे. सुरुवातीला थोडा चढ, तेवढा काठी घेऊन सावकाश जमेल. गुडघ्याचं डॉक्टरांना विचारा, पण "मला नाही झेपायचं" हे त्यांच्याआधी तुम्ही ठरवू नका. तंबूच्या जागांचं बुकिंग सहा महिने आधी उघडतं आणि चटकन संपतं, केबिनही लवकर धरलेल्या बऱ्या. तेव्हा जुलै की ऑगस्ट, ते रविवारच्या फोनवर सांगा. आणि आई, भाजणी संपली आहे, पण पार्सल करू नकोस. येताना घेऊन ये.

तुमची,
मीनू